सोफियाचे गुरुजी

रशियाच्या पश्चिम भागात पालिबिनो नावाचे एक खेडे आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे एका जमीनदाराचा प्रशस्त वाडा होता. वाड्याचे धनी वासिली कोर्विन-क्रुकोव्हस्की हे तोफखान्यातील सेनापती. निवृत्त झाल्यावर ते पत्नी व मुले यांसह या वाड्यात राहावयास आले. घराच्या भिंतींना लावण्यासाठी दूरच्या पीटर्सबर्ग शहराहून नक्षीदार कागद मागविण्यात आले. परंतु मोजमापात काहीतरी चूक झाली आणि मुलांच्या एका खोलीपुरता कागद कमी पडला. एवढ्याशा कामासाठी पुन्हा माणूस कोण धाडणार! माळ्यावर जुन्या कागदांचा गठ्ठा पडला होता. सेनापतींनी तरुणपणी विकत घेतलेली ती कलनशास्त्राची छापील व्याख्याने होती. तीच भिंतीला चिकटविण्यात आली.

अशा रीतीने त्या खोलीच्या भिंतींवर फुलापानांऐवजी गणिताची चिन्हे उमटली. घरातील मधली मुलगी सोफिया त्या भिंतीपुढे तासन् तास उभी राही. एका कागदाचा पुढचा कागद कोणता, हे शोधण्याचा ती खटाटोप करी. अर्थ मुळीच कळत नसे. परंतु रोज पाहून पाहून कित्येक सूत्रांची आकृती तिच्या डोळ्यांत जशीच्या तशी बसली.

सोफियाचा जन्म इ. स. १८५० च्या जानेवारी महिन्यात मॉस्को येथे झाला. तिला एक चुलते होते, प्योत्र नावाचे. ते काही गणिती नव्हेत. पण वाचनाचे त्यांना विलक्षण वेड. वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस काढण्यासाठी लोकांनी शतकानुशतके कशी धडपड केली, एखादी रेषा वक्राच्या जवळ जवळ जात राहते आणि तरीही त्याला कधीच कशी भेटत नाही, अशा गोष्टी ते पुतणीला रंगवून सांगत. लहान मुलीला यातले काय कळणार, असा विचार त्यांच्या मनात कधी आला नाही. मला वाटते, सोफियाचे पहिले गुरू हेच.

घरी शिकवावयास येणाऱ्या शिक्षकांजवळ ती अंकगणित शिकली आणि पुढे बीजगणितात इतकी रमली, की इतर विषयांकडे दुर्लक्ष होऊ लागले. वडिलांना ते रुचले नाही. मुलीने फार शिकून विदुषी व्हावे, ही कल्पनाच त्यांना नापसंत होती. त्यांनी गणिताचे धडे बंद केले. तेव्हा सोफियाने बीजगणिताचे एक पुस्तक मिळवून लपवून ठेवले. रात्री सगळे निजले, की मंद उजेडात ती ते वाचीत बसे.

वाड्याच्या शेजारी तीर्तोव्ह नावाचे पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक राहत. त्यांनी आपण लिहिलेले पाठ्यपुस्तक सेनापतींना भेट दिले आणि ते सोफियाच्या हाती पडले. प्रकाशाच्या प्रकरणापाशी तिची गाडी अडली. तेथे ठिकठिकाणी ‘ज्या’ ही त्रिकोणमितीतील संज्ञा आली होती आणि त्रिकोणमिती तर ती शिकलीच नव्हती. शिक्षकांना विचारले, तर त्यांनाही समाधानकारक उत्तर देता येईना. मग तिने स्वतःच विचार चालविला. वर्तुळाच्या मध्यापासून दोन त्रिज्या काढल्या म्हणजे त्यांच्यामध्ये एक कोन होतो. त्या त्रिज्यांची परिघावरील टोके जोडणाऱ्या सरळ रेषेला जीवा म्हणतात. कोन लहान असला म्हणजे जीवाही लहान असते. कोन वाढत गेला, की तीही वाढत जाते. तेव्हा कोनाबरोबर बदलणारी ही ज्या म्हणजे जीवेसारखेच काहीतरी असावे, असे तिने ताडले आणि ज्येच्या जागी जीवा घेऊन ती पुस्तक वाचीत गेली. पुस्तकातील कोन अगदी लहान होते, त्यामुळे हिशेब बरोबर जमले!

पुढे एकदा प्राध्यापक आले असता तिने त्यांच्या पुस्तकाविषयी बोलणे काढले. ते हसले. एवढ्याशा मुलीला ते पुस्तक कसे समजणार? परंतु ज्येचा अर्थ तिने कसा लावला, हे ऐकल्यावर ते थक्क झाले. कारण प्राचीन काळी माणसाने त्रिकोणमिती रचली, ती याच वाटेने. आपल्याकडेही ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, इ. स. ४९९ च्या सुमाराच्या आर्यभटाच्या ग्रंथात ज्यांची जी मूल्ये दिली आहेत, ती अर्ध्या जीवेचीच आहेत. प्राध्यापक तडक सेनापतींकडे गेले आणि या मुलीस गणित शिकवाच, असा त्यांनी आग्रह धरला. सेनापतींचे मन वळण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. पण अखेर ते वळले.

पीटर्सबर्गमध्ये स्त्रान्नोल्युब्स्की नावाचे एक तरुण नौदल-अधिकारी गणित उत्तम शिकवीत. स्त्रियांना शिक्षण मिळाले पाहिजे, या मताचे ते खंदे पुरस्कर्ते होते. त्यांच्याजवळ सोफियाने कलनशास्त्राचा अभ्यास सुरू केला. पहिल्याच धड्यांत अवघड कल्पना तिने इतक्या झटपट उचलल्या, की जणू त्या तिला आधीपासूनच ठाऊक असाव्यात, असे शिक्षकांना वाटले. आणि खरोखरच, ते शिकवीत असता सोफियाच्या डोळ्यांपुढे मुलांच्या खोलीतील ती भिंत उभी राहिली होती.

यापुढची वाट मात्र बंद होती. रशियातील विद्यापीठांत त्या काळी स्त्रियांना प्रवेश नसे. परदेशी जावे, तर वडिलांची किंवा पतीची संमती हवी. वडील संमती देणार नाहीत, हे उघड होते. तेव्हा विद्येसाठी घराबाहेर पडू इच्छिणाऱ्या काही रशियन मुली एक युक्ती योजीत: एखाद्या समविचारी तरुणाशी केवळ नावापुरता विवाह करावयाचा आणि त्याच्या संमतीने परदेशी जावयाचे. सोफियाने १८६८ साली व्लादिमीर कोव्हालेव्हस्की या तरुणाशी असाच विवाह केला. तोही विद्येचा भोक्ता होता; पुढे प्राचीन प्राण्यांच्या अवशेषांचा अभ्यासक म्हणून त्याने नाव मिळविले. १८६९ साली सोफिया जर्मनीतील हायडलबर्ग येथे गेली. तेथेही विद्यार्थिनी म्हणून नाव नोंदविता येईना. एकेका प्राध्यापकाची परवानगी काढून ती व्याख्यानांस बसे. तिचे तेथील गणिताचे प्राध्यापक आपल्या गुरूंची स्तुती करताना थकत नसत. हे गुरू बर्लिनला होते. त्यांचे नाव कार्ल व्हायरश्ट्रास.

१८७० साली वीस वर्षांची सोफिया बर्लिनला त्यांच्या दारी येऊन उभी राहिली. डोक्यावर भली मोठी टोपी आणि तिच्या काठाखाली झाकलेला चेहरा. बोलणे जवळजवळ नाहीच. आपल्याला शिकवावे, एवढेच तिने कसेबसे सांगितले. पंचावन्नीच्या घरातील त्या विख्यात गणित्याला तिच्याकडून फारशी अपेक्षा नव्हती. त्यांनी आपल्या पुढच्या वर्गातील विद्यार्थ्यांसाठी तयार केलेली काही कठीण उदाहरणे तिच्या हाती दिली आणि ती सोडवून आण, म्हणून सांगितले. ही परत येणार नाही, असेच त्यांना वाटले असावे.

आठवड्याने सोफिया परत आली. सारी उदाहरणे सुटली होती. व्हायरश्ट्रासांनी तिला शेजारी बसवून घेतले आणि एकेक उत्तर बारकाईने तपासले. उत्तरे नुसती बरोबर नव्हती. काही रीती तिच्या स्वतःच्या, नव्या होत्या. तिला वर्गात बसू द्यावे, म्हणून त्यांनी विद्यापीठात खटपट केली, परंतु अधिकाऱ्यांनी साफ नकार दिला. तेव्हा व्हायरश्ट्रासांनी ठरविले, की विद्यापीठ या मुलीला येऊ देत नाही, तर तिला आपण घरी शिकवावयाचे.

हा माणूस असा का वागला, हे कळण्यासाठी त्यांची स्वतःची हकीकत थोडी सांगितली पाहिजे. व्हायरश्ट्रास यांचा जन्म १८१५ सालचा. वडिलांनी त्यांना सरकारी नोकरीच्या आशेने कायदा व अर्थव्यवहार शिकण्यासाठी बॉन येथे धाडले. मुलाला त्यात गोडी नव्हती. त्याने चार वर्षे तलवारीचे हात करण्यात व मित्रांच्या बैठकींत घालविली आणि पदवीवाचून तो घरी परतला. घरच्यांना काय वाटले असेल! शेवटी निदान शाळामास्तर तरी होऊ दे, म्हणून त्याला म्युन्स्टर येथे पाठविण्यात आले. तेथे गुडरमान नावाचे एक प्राध्यापक अतिशय कठीण विषयावर व्याख्याने देत. कंटाळून एकेक विद्यार्थी निघून गेला. राहिला एकटा कार्ल. वाया गेलेला मुलगा म्हणून ज्याची गणना होत होती, त्याच्या परीक्षेतील लेखनाची गुडरमानांनी मनःपूर्वक प्रशंसा केली. नव्या गणिताची भर घालणाऱ्यांच्या पंक्तीत त्यांनी त्याला बसविले.

त्यानंतर चौदा-पंधरा वर्षे व्हायरश्ट्रास लहान लहान गावांतील शाळांत शिकवीत होते. गणिताबरोबर भूगोल, वनस्पतिशास्त्र, व्यायाम, एवढेच नव्हे तर मुलांना वळणदार अक्षर काढावयास शिकविणे हेही काम त्यांच्याकडे असे. दिवसा शाळा आणि रात्री संशोधन. १८५४ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला आणि सारे युरोपातील गणिती चकित झाले. ज्यांच्याजवळ पदवी नव्हती, त्यांना क्यॉनिग्झबर्ग विद्यापीठाने सन्मानाची पदवी अर्पण केली आणि दोन वर्षांत ते बर्लिनला आले. पुढे प्रकृती ढासळली. उभे राहून शिकविणे झेपेना. मग ते खुर्चीवर बसून सांगत आणि एखादा विद्यार्थी फळ्यावर लिही.

असे हे गुरुजी सोफियाला चार वर्षे मोबदला न घेता शिकवीत होते. रविवारी ती त्यांच्या घरी जाई. गुरुजी अविवाहित होते. त्यांच्या दोघी बहिणी घर पाहत आणि सोफियाचे मायेने स्वागत करीत. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी गुरुजी स्वतः तिच्या बिऱ्हाडी येत. विद्यापीठात दिलेली व्याख्याने ते तिला समजावून सांगतच, शिवाय जे अजून छापले नव्हते, जे त्यांच्या मनात नुकते आकार घेत होते, तेही तिच्यापुढे मांडीत. सोफिया मुळात भित्री आणि संकोची. अनोळखी माणसांपुढे तिची जीभ अडखळे. परंतु येथे चुकण्याचे भय उरले नाही. कच्चे विचार घेऊन गुरूंपुढे बसावयाचे आणि दोघांनी मिळून ते तपासावयाचे, असा परिपाठ पडला.

याचे फळ पुढे मोठे मजेचे निघाले. मुलांनो, एक गोष्ट करून पाहा. एक द्वितीयांश, त्यात एक चतुर्थांश, मग एक अष्टमांश, अशा संख्या मिळवीत जा. कितीही मिळविल्या, तरी बेरीज एकच्या पुढे जाणार नाही. ती एकाच्या अधिकाधिक जवळ येईल. उलट एक, दोन, चार, आठ अशा संख्या मिळवीत गेलात, तर बेरजेला धरबंधच राहणार नाही. न संपणाऱ्या अशा बेरजांना श्रेढी म्हणतात. काही जातीच्या समीकरणांची उत्तरे श्रेढीच्या रूपाने काढली, तर ती पहिल्या प्रकारची, म्हणजे ठिकाणावर येणारी निघतील, असा गुरुजींचा अंदाज होता. सोफियाने उष्णता पदार्थातून कशी पसरते, त्याचे एक साधे समीकरण घेतले आणि तेथे हा अंदाज चुकतो, हे दाखवून दिले. कोणत्या अटी पाळल्या म्हणजे तो खरा ठरतो, हेही तिने सिद्ध केले. एवढ्या मोठ्या गणित्याचे म्हणणे त्याच्याच शिष्येने खोडून काढले! गुरुजींना राग आला नाही. ही गोष्ट आपल्याला अनपेक्षित होती, हे त्यांनी दुसऱ्या एका गणित्याला पत्राने कळविले. प्रश्न तेवढा आपण दिला, बाकीचे काम तिचे, असेही त्यांनी त्यात स्पष्ट केले. सोफियाचे संशोधन वस्तुतः गुरूचेच असावे, अशी कुजबूज पुढे काही लोक करीत. त्यांनी हे पत्र वाचावयास हवे होते.

१८७४ सालापर्यंत सोफियाचे तीन प्रबंध तयार झाले. एक वर सांगितलेला. दुसरा कलनशास्त्रातीलच एका गहन विषयावर. तिसरा शनीच्या कड्यांच्या आकारावर. गुरुजींनी ते ग्यॉटिंगन विद्यापीठाकडे पाठविले. तोंडी परीक्षेत अनोळखी प्राध्यापकांसमोर ही मुलगी गोंधळून जाईल आणि जर्मन भाषाही तिला नीट साथ देणार नाही, हे ते जाणून होते. म्हणून त्यांनी आग्रहाने तिला त्या परीक्षेतून सूट मिळवून दिली. विद्यापीठाने तिला सर्वोच्च श्रेणीत डॉक्टर ही पदवी दिली. आधुनिक युरोपात गणितात हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री होय. वय अवघे चोवीस.

आणि मग सोफियाने गणित सोडले.

हे वाचून नवल वाटेल. पण मायदेशी परतल्यावर तिला काय मिळाले? विद्यापीठात जागा नाहीच. मुलींच्या शाळेत खालच्या वर्गांना अंकगणित शिकविण्याचे काम तेवढे तिच्यासाठी मोकळे होते. चार वर्षांच्या अखंड श्रमाने ती थकलीही होती. पुढच्याच वर्षी वडील वारले. नावापुरता असलेला संसार आता खराखुरा झाला, १८७८ साली मुलगी झाली. पतीने घरे बांधण्याच्या व्यापारात पैसा घातला आणि तो बुडाला. सोफिया वर्तमानपत्रांतून लेख व नाटकांची परीक्षणे लिहीत असे. बर्लिनहून गुरुजींची पत्रे येत. जवळजवळ तीन वर्षे तिने त्यांना उत्तरच दिले नाही. लाज वाटत असेल का तिला? असावी. काही न केलेल्या विद्यार्थ्याला शिक्षकाची गाठ घेणे किती अवघड वाटते, हे कोणास ठाऊक नाही?

गुरुजींनी मात्र तिचे नाव सोडले नाही. १८७६ साली त्यांचा मिताग-लेफ्लर नावाचा स्वीडिश शिष्य पीटर्सबर्गला आला, तो गुरूंच्या सांगण्यावरून मुद्दाम सोफियाची भेट घेऊन गेला. तिची बुद्धी पाहून त्यालाही अचंबा वाटला. मग १८८० साली शास्त्रज्ञांची एक परिषद पीटर्सबर्ग येथे भरली आणि प्रसिद्ध रशियन गणिती चेबिशेव्ह यांनी सोफियाला तेथे निबंध वाचण्याचे निमंत्रण दिले. तिने पेटीच्या तळाशी पडलेला सहा वर्षांपूर्वीचा प्रबंध बाहेर काढला, एका रात्रीत त्याचे जर्मनमधून रशियन भाषेत रूपांतर केले आणि दुसऱ्या दिवशी सभेत वाचून दाखविला. इतक्या वर्षांनीही तो शिळा झाला नव्हता. त्याच वर्षी ती बर्लिनला गेली. गुरुजींनी मागचे काही काढले नाही. स्फटिकातून जाताना प्रकाशकिरणांची वाट कशी बदलते, असा एक नवा प्रश्न त्यांनी तिच्यापुढे ठेवला.

१८८३ च्या वसंतात, सोफिया परदेशी असताना, पतीच्या दुर्दैवी मृत्यूची वार्ता आली. तिने अन्नपाणी वर्ज्य केले. ती बेशुद्ध पडली. शुद्धीवर आल्यावर हळूहळू तिने कागद व पेन्सिल हाती घेतली. इकडे मिताग-लेफ्लर स्टॉकहोमच्या नव्या विद्यालयात तिच्यासाठी जागा मिळविण्याच्या खटपटीत होते. त्यांना यश आले. वर्षअखेरीस सोफिया स्वीडनला पोहोचली आणि १८८४ च्या आरंभी तिने पहिले व्याख्यान दिले. अनोळखी माणसांपुढे जिची जीभ अडखळत असे, ती आता व्यासपीठावर उभी होती. प्रथम ती जर्मन भाषेतून शिकवी. वर्षभराच्या आत स्वीडिश भाषा शिकून त्या भाषेतून शिकवू लागली. आता तिला सोफियाबाई म्हणावयास हवे.

सोफियाबाईंचे सर्वांत गाजलेले संशोधन भोवऱ्याविषयीचे आहे. भोवरा फिरताना पाहिला नाही, असा मुलगा विरळाच! तो आपल्या आरीवर फिरतो, कलतो, डोलतो, शेवटी लुढकतो. या हालचालीचे अचूक गणित मांडणे भल्याभल्यांना जमत नव्हते. स्वतःच्या भारमध्यावर तोललेल्या वस्तूचे गणित ऑयलर यांनी मांडले होते. आपल्या नेहमीच्या, चोहोबाजूंनी सारख्या भोवऱ्याचे लाग्रांज यांनी. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे गाडी पुढे सरकली नाही. ज्याचा भार मध्यरेषेवर नसून एका बाजूला आहे, अशा एका विशिष्ट भोवऱ्याचे गणित सोफियाबाईंनी पूर्ण सोडविले. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने या प्रश्नासाठी बोर्दें पारितोषिक ठेवले होते. लेखांवर लेखकाचे नाव घालावयाचे नसे, त्यामुळे परीक्षकांना आपण कोणाचे लेखन वाचीत आहोत, याची कल्पना नव्हती. १८८८ च्या डिसेंबरात निर्णय लागला. विजयी लेख इतका सरस ठरला, की बक्षिसाची रक्कम तीन हजार फ्रँकांवरून पाच हजार करण्यात आली. पुढच्या वर्षी त्या स्टॉकहोमला कायमच्या प्राध्यापक झाल्या, आणि रशियाच्या विज्ञान अकादमीने त्यांना आपल्या सभासदवर्गात घेतले. मायदेशात शिकविण्याची जागा मात्र तेव्हाही मिळाली नाही.

१८९१ च्या आरंभी सुटीहून परतताना सोफियाबाईंना प्रवासात थंडी बाधली. फुफ्फुसाच्या दाहाने १० फेब्रुवारी रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. बर्लिनला पंच्याहत्तर वर्षांच्या वृद्ध गुरुजींना ही वार्ता कळली. शिष्येने इतक्या वर्षांत पाठविलेली सारी पत्रे त्यांनी जाळून टाकली. ती कोणाच्या परक्या दृष्टीस पडू नयेत, असे त्यांना वाटले असेल. सहा वर्षांनी, १८९७ साली, तेही गेले. गुरुजींनी लिहिलेली पत्रे मात्र सोफियाबाईंनी जपून ठेवली होती. उत्तर न दिलेल्या वर्षांतली पत्रेही त्यांत होती. पुढे ती छापली गेली आणि आज ती कोणालाही वाचता येतात.